पिल्लं पडायच्या आधी बरणी लावा

रविवारी सकाळी फोन वाजला की मला साधारण अंदाज येतो. पलीकडून कुणीतरी हरखून सांगत असतं, "काका, फायटर माशानं अंडी घातली! पिल्लांना काय घालू?" मी विचारतो, कधी घातली? "परवा." मग वाईट बातमी द्यायची पाळी माझ्यावर येते. जे घालायला पाहिजे ते तयार व्हायला चार-पाच दिवस लागतात, आणि तुमच्या पिल्लांना उद्या-परवा भूक लागणार आहे.

पहिल्या खेपेची पिल्लं रोगानं फार थोडी मरतात. बहुतेक उपाशी मरतात, तीही भरल्या ताटावर. पाण्यावर पावडर तरंगत असते, तळाला साचून कुजत असते. पण कण तोंडात मावत नाही, आणि मावला तरी तो हलत नाही. नुकतं पोहायला लागलेलं पिल्लू हलणाऱ्या गोष्टीवर झडप घालतं. म्हणून जिवंत खाद्य. आणि म्हणूनच या लेखातली बरीचशी कामं अंडी दिसायच्या आधीची आहेत.

आधी तोंड बघा

कुठलं खाद्य लावायचं हे तुमच्या माशाच्या पिल्लाचं तोंड ठरवतं. ढोबळ नियम असा, की घास पिल्लाच्या डोळ्यापेक्षा मोठा नको.

गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल यांना थेट पिल्लंच होतात. जन्मतःच ती सहा-आठ मिलिमीटरची असतात आणि पहिल्या दिवसापासून आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातला बारीक जिवंत जीव, पुढे येतोच) खातात. चुरलेलं कोरडं खाद्यसुद्धा चालवून घेतात. 'गप्पी मासे पाळा' असं आरोग्य खात्यानं भिंतीभिंतीवर रंगवलं ते उगाच नाही, हा मासा हौदात सोडून विसरलं तरी वाढतो. शिकायला याच्याइतका सोपा मासा नाही.

एंजलची पिल्लं पोहायला लागली की लगेच आर्टेमिया धरतात. गोल्डफिशची एक-दोन दिवस बारीक खाद्यावर ठेवली तर बरं, मग त्यांनाही आर्टेमिया. फायटरचं पिल्लू जेमतेम तीन मिलिमीटरचं, बघायला चष्मा लागतो. आणि बुटक्या गुरामीचं त्याहून बारीक, पाण्यात सुईचं टोक हलावं तसं. त्याला पहिले काही दिवस इन्फ्युसोरिया, म्हणजे पाण्यातले सूक्ष्मजीवच पाहिजेत, दुसरं काही तोंडात जातच नाही.

एक चूक सगळ्यांच्या हातून होते. अंड्यातून बाहेर आलेलं पिल्लू पोटाला बलकाची पिशवी घेऊन येतं. ती संपेपर्यंत ते काचेला चिकटून किंवा उभं लटकून असतं. तेव्हा त्याला काहीही घालायचं नाही. घातलंत तर फक्त पाणी नासेल. ते आडवं होऊन सरळ पोहायला लागलं की जेवण सुरू.

बरणी: इन्फ्युसोरिया

इन्फ्युसोरिया म्हणजे पॅरामिशियमसारखे सूक्ष्मजीव. शाळेत जीवशास्त्राच्या तासाला काढलेली ती चपलेच्या आकाराची आकृती आठवा.

लोणच्याची रिकामी काचेची बरणी साबण न लावता गरम पाण्यानं स्वच्छ करा. तेलाचा तवंग राहता कामा नये. तीत चालू टँकमधलं जुनं पाणी भरा आणि स्पंज फिल्टर एकदा तिच्यातच पिळा, बीज तिथूनच येतं. मग वाळवलेल्या केळीच्या सालीचा दोन बोटं रुंद तुकडा टाका. तोंडाला फडकं बांधून थेट ऊन नसलेल्या उजेडाच्या जागी ठेवा.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाणी दुधट होईल आणि वास मारेल. घाबरून ओतून देऊ नका. ते जिवाणू आहेत, आणि इन्फ्युसोरिया त्यांच्यावरच वाढतात. चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी पुन्हा निवळायला लागतं आणि वास बराच कमी होतो. आता अंधारात बरणीला बाजूनं मोबाइलची बॅटरी लावा आणि भिंगातून बघा. पांढरी धूळ दिसेल, पण ही धूळ आपापली फिरते, वळते, मागे येते. तेवढं दिसलं की बरणी तयार. सहा-सात दिवसांनीही पाणी काळपट आणि वास गटारासारखा असेल तर ओता आणि पुन्हा लावा. साल जास्त झाली होती.

केळीच्या सालीऐवजी दुधाचे थेंब टाकले तरी चालतं. पण थेंब म्हणजे थेंब, लिटरला दोन-तीन. गंगावेशीत म्हशीखाली उभं राहून पेला भरून घेणाऱ्या आमच्या कोल्हापुरात हे सांगायला लागतं. माझ्या एका मित्रानं अर्धी वाटी ओतली होती. आठवडाभर त्या खोलीत कुणी गेलं नाही. गुळाचाही नाद करू नका. मी स्वतः खडा टाकून बघितलाय. दोन दिवसांत बरणी फसफसली आणि फडक्यावर मुंग्यांची रांग लागली.

देताना सुई काढलेली सिरिंज वापरा. बरणीच्या मधल्या थरातलं पाणी ओढा, तळाचा गाळ नको. दहा लिटरच्या टबाला एका वेळी वीस-तीस मिली, दिवसातून तीनदा. जेवढं काढलं तेवढंच जुनं टँकचं पाणी बरणीत परत घाला. आणि बरण्या दोन लावा, दोन दिवसांच्या अंतरानं. एक बिघडली तर दुसरी हाताशी असते.

डबी: मायक्रोवर्म

नवशिक्यानं फक्त एकच खाद्य सांभाळायचं असेल तर मी हे सुचवीन. हे दीड-दोन मिलिमीटरचे केसासारखे बारीक पांढरे कृमी. पंप नको, मीठ नको, वासही सौम्य आंबूस.

बीज कुणातरी पाळणाऱ्याकडून चमचाभर आणायचं. प्लास्टिकची रुंद डबी घ्या. तीत ओट्स किंवा रव्याची घट्टसर लापशी बोटभर उंचीची पसरा. साखर, मीठ, तूप काही नाही. पूर्ण गार झाल्यावर वर बेकरीतलं यीस्ट चिमूटभर शिंपडा आणि बीज ठेवा. झाकणाला भोकं पाडून आतून कापड लावा, नाहीतर चिलटं अंडी घालतात. डबी पाण्याच्या ताटलीत ठेवायला विसरू नका. मुंग्यांना ही जागा तुमच्याआधी सापडते.

तीन-पाच दिवसांत लापशीचा पृष्ठभाग चमकायला लागतो, आणि तिरकं धरलं तर तो थरथरताना दिसतो. मग कृमी डबीच्या भिंतीवर चढतात आणि नक्षी काढल्यासारखे दिसतात. त्या भिंतीवरून बोट किंवा ब्रश फिरवायचा आणि टबात बुडवायचा. लापशी उचलायची नाही, पाणी खराब होतं.

दर पंधरा दिवसांनी जुन्या डबीतून चमचाभर घेऊन नवी लावा. जुनी तीन-चार आठवड्यांत पातळ होते आणि नाक धरायला लावते.

यातला तोटा एवढाच, की हे कृमी तळाला बसतात. फायटर आणि गुरामीची पिल्लं सुरुवातीला वरच्या थरात असतात. मग हवेचे अगदी मंद बुडबुडे ठेवून कृमी फिरते ठेवावे लागतात. व्हिनेगर इल हा दुसरा बारीक कृमी मात्र पाण्याच्या मधोमध पोहत राहतो आणि गोड्या पाण्यात काही दिवस जगतो. अॅपल सायडर व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, सफरचंदाची एक फोड आणि बीज. यानंतर महिनाभर बाटली विसरायची. काढताना लांब मानेच्या बाटलीत ओता, मानेत कापसाचा बोळा व्हिनेगरला टेकेल असा बसवा आणि वर साधं पाणी घाला. रात्रीत कृमी कापसातून वर येतात, सकाळी वरचं पाणी सिरिंजनं घ्यायचं. संथ काम आहे, पण ही बाटली महिनोन्महिने मरत नाही. आळशी माणसाचा विमा म्हणा हवं तर.

बाटली: आर्टेमिया

पिल्लं खऱ्या अर्थानं वाढतात ती इथून. आर्टेमिया हा खाऱ्या सरोवरातला छोटा कोळंबीवर्गीय जीव. त्याची वाळलेली अंडी डबाबंद मिळतात आणि खाऱ्या पाण्यात टाकली की दिवसाभरात फुटतात. पूर्वापार सगळ्यात नावाजलेली अंडी अमेरिकेतल्या यूटा राज्यातल्या ग्रेट सॉल्ट लेकची. १९३० च्या दशकात अमेरिकेत सील यांनी आणि नॉर्वेत रोलेफसेन यांनी माशांच्या पिल्लांना ही नुकती फुटलेली पिल्लं खाऊ घालून दाखवली, आणि तेव्हापासून मत्स्यबीज केंद्रांपासून आपल्या बाल्कनीपर्यंत हेच चालू आहे.

लिटरची पाण्याची बाटली घ्या, बूड कापा आणि उलटी टांगा. झाकण घट्ट. एअर पंपाची नळी वरून आत सोडून थेट झाकणापर्यंत न्या. नळीच्या टोकाला बारीक बुडबुड्यांचा दगड लावू नका, मोठे बुडबुडे हवेत, म्हणजे अंडी सतत वरखाली फिरतात आणि कोपऱ्यात बसत नाहीत.

लिटरभर पाण्यात पंचवीस-तीस ग्रॅम मीठ, म्हणजे पोह्याचे दोन मोठे चमचे शिगोशीग. खडेमीठ वापरा. धरणाचं नळाचं पाणी हलकं असेल तर खायच्या सोड्याची चिमूट टाका. पाणी थोडं अल्कधर्मी असलं की अंडी चांगली फुटतात. बोअरच्या जड पाण्याला सोड्याची गरज नाही. क्लोरीनचा वास असेल तर पाणी आदल्या दिवशी भरून उघडं ठेवा.

अंडी पाव चमचा. पहिल्यांदा त्याच्याही निम्मी.

तापमान सत्तावीस-अठ्ठावीस अंश आणि वर दिवा. उन्हाळ्यात इथं काही करावं लागत नाही, चोवीस तासांत बाटली नारिंगी होते. पण डिसेंबर-जानेवारीत कोल्हापुरात रात्री पारा १५ च्या आसपास उतरतो, आणि मग "अंडी खराब निघाली" म्हणून फोन येतात. अंडी चांगली असतात, फक्त त्यांना थंडी वाजत असते. बाटली पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा आणि आत जुना पिवळा बल्ब लावा, पाण्यापासून चार बोटं लांब. किंवा हिटर लावलेल्या टँकमध्ये ती अर्धी बुडवा. तरीही छत्तीस तास धरून चाला. रात्रीत लाइट गेली तर पंप बंद पडून अंडी तळाला बसतात. सकाळी चमच्यानं ढवळून पुन्हा चालू करा, सगळं फुकट जात नाही.

आता काढणी. इथं घाई केली तर पिल्लं जातात. पंप बंद करा, दहा मिनिटं थांबा. रिकामी टरफलं वर तरंगतात आणि तपकिरी साय धरतात. न फुटलेली अंडी तळाला. मधे नारिंगी ढग. खोलीत अंधार करून बाटलीच्या खालच्या भागाला एका बाजूनं बॅटरी लावा, सगळा ढग उजेडाकडे सरकतो. बारीक नळीनं तेवढाच ओढून घ्या. जुन्या सुती रुमालातून गाळा, साध्या पाण्यानं खंगाळा आणि तो रुमाल टबात उलटा करा.

टरफलं आत गेली तर बारक्या पिल्लांच्या पोटात अडकतात. मी पहिल्या वर्षी एंजलच्या पिल्लांना पूर्ण बाटली गाळून घातली होती. तिसऱ्या दिवशी पन्नासातली अकरा उरली. हे वाचूनही गाळायचा कंटाळा येत असेल तर टरफल काढलेली अंडी मिळतात. महाग पडतात, पण फुटल्यावर कचरा होत नाही.

फुटलेली आर्टेमिया लगेच घाला. तिच्या अंगात बलकाचा साठा असतो, आणि ती स्वतः काही खात नसल्यानं तो तासातासाला कमी होत जातो. सकाळची संध्याकाळी घातली तर पिल्लाच्या पदरात बरंच कमी पडतं. शिवाय गोड्या पाण्यात ती काही तासच जगते, म्हणून थोडी थोडी, तीन-चार वेळा. घातल्यावर दहा मिनिटांनी भिंग घेऊन बसा. पिल्लाचं काचेसारखं पारदर्शक पोट नारिंगी ठिपक्यानं भरलेलं दिसलं पाहिजे. दहापैकी नऊंची पोटं नारिंगी, तर बरोबर घातलं. तळाला नारिंगी थर साचला, तर जास्त घातलं. खरं सांगतो, या छंदात मला सगळ्यात आवडतं ते दृश्य हेच आहे.

अंडी विकत घेताना एक सावधगिरी. मोठा डबा फोडून सुट्ट्या पुड्या बांधून ठेवलेल्या असतात, महिनोन्महिने दमट हवेत. एकदा मी अशीच पुडी आणली आणि शंभरातली वीससुद्धा फुटली नाहीत. बंद पाकीट घ्या आणि तारीख बघा. घरी घट्ट झाकणाच्या बाटलीत फ्रिजमध्ये ठेवा. इथल्या पावसाळ्यात अंड्यांना दमटपणा लागला की ती गेलीच.

बादली: मोइना

मोइना म्हणजे पाणपिसू. नुकती जन्मलेली मोइना आर्टेमियाएवढीच, पूर्ण वाढलेली एक मिलिमीटरच्या आसपास. हिचा मोठा गुण म्हणजे ही गोड्या पाण्यातली. टबात उरली तरी मरून कुजत नाही. पिल्लं संध्याकाळपर्यंत चरत राहतात. डॅफ्निया तिची मोठी बहीण, पण तिला थंड पाणी मानवतं. आपल्या एप्रिल-मेच्या गच्चीवर मोइनाच टिकते.

वीस लिटरची बादली, जुनं टँकचं पाणी, सावली, वरून जाळी. खाद्य म्हणजे कपभर पाण्यात विरघळवलेलं चिमूटभर यीस्ट, बादलीचं पाणी किंचित अंधूक दिसेल इतपतच. पाणी पुन्हा स्वच्छ झालं की पुढचा डोस. आधीच घातलं तर बादली एका रात्रीत बसते, म्हणजे मोइना मरून जाते, आणि नवशिका बादली बसवतो ती नेहमी याच कारणानं. उन्हात ठेवून हिरवं झालेलं पाणी मिळालं तर उत्तमच, पण जून ते सप्टेंबर ऊनच नसतं, तेव्हा यीस्टवर किंवा स्पिरुलिना पावडरवर भागवा.

रानातल्या विहिरीचं पाणी आणत असाल तर शेजारच्या पिकावर काय मारलंय ते विचारून घ्या. कीटकनाशकाचा अंश मोइनाला सहन होत नाही. खोलीत डास मारायचा स्प्रे मारला तरी तेच. बादल्या दोन हव्यात, हे आता सांगायला नको.

बाहेरून आणायचं म्हटलं तर

दुकानात ट्युबिफेक्सचे लालभडक गोळे मिळतात. हे कृमी सांडपाण्याच्या गाळात वाढतात आणि तिथला रोग सोबत आणतात. मोठ्या माशांना घालणारे घालतात, पिल्लांना नको.

संध्याकाळी रंकाळ्यावर फिरताना काठाच्या पाण्यात काहीतरी वळवळताना दिसतं आणि फुकटच्या खाद्याचा मोह होतो. पंचगंगेच्या घाटावरही तेच. पण शहराचं सांडपाणी जिथं मिसळतं तिथलं पाणी पिल्लांच्या टबात कशाला आणायचं? त्यातून हायड्रा येतो, जो काचेला चिकटून पिल्लं पकडतो. चतुराच्या अळ्या येतात, आणि एक अळी आठवड्यात अख्खा टब रिकामा करते. मी तळ्यातली मोइना फक्त बीज म्हणून एकदाच आणली, तीही गावाबाहेरच्या शेततळ्यातून, आणि वेगळ्या बादलीत पंधरा दिवस ठेवून मगच वापरली.

डासांच्या अळ्यांबद्दल सगळे विचारतात. मासे त्या आवडीनं खातात, पण मोठी अळी पिल्लाच्या तोंडात मावत नाही. आणि डेंग्यूचा डास अंड्यापासून आठ-दहा दिवसांत उडायला तयार होतो. एक दिवस काढायची राहिली की तुम्ही गल्लीला ताप वाटला. त्यामुळे मुद्दाम वाढवू नका.

एका विणीचं गणित

फायटरची जोडी धरून सांगतो. जोडी टबात सोडायच्या महिनाभर आधी व्हिनेगर इल, ठेवणार असाल तर. दहा दिवस आधी मायक्रोवर्मची डबी. पाच दिवस आधी इन्फ्युसोरियाची पहिली बरणी, तीन दिवस आधी दुसरी. मगच जोडी सोडा.

नर फेसाचं घरटं करतो, अंडी त्यात ठेवतो. अंडी घालून झाली की मादी बाहेर, नाहीतर नर तिला फाडतो. एक-दोन दिवसांत अंडी फुटतात. शेपट्या खाली लटकलेल्या दिसतील, पडलेलं पिल्लू नर तोंडात धरून परत वर ठेवतो. आणखी दोन-तीन दिवसांनी पिल्लं आडवी पोहायला लागतात. त्या दिवशी नर बाहेर आणि इन्फ्युसोरिया आत. दुसऱ्या दिवसापासून जोडीला मायक्रोवर्म. त्याच संध्याकाळी आर्टेमियाची पहिली बाटली लावा, म्हणजे तिसऱ्या दिवशी मोठ्या पिल्लांची पोटं नारिंगी होतील. लहानांसाठी बरणी अजून तीन-चार दिवस चालू ठेवा. एका विणीत सगळी सारखी वाढत नाहीत.

टबाला झाकण हवंच. तीन-चार आठवड्यांची झाली की फायटरची पिल्लं वर येऊन हवा घ्यायला लागतात, आणि पाण्यावरची हवा गार असली तर त्यांना बाधते. थंडीत तर काच पूर्ण झाका, नळीपुरती फट ठेवा.

रोज तळाचा कचरा हवेच्या नळीनं ओढा, साधारण दहा टक्के पाणी, आणि तेवढंच मुरलेलं, त्याच तापमानाचं पाणी हळू घाला. ओढलेलं पाणी पांढऱ्या तसराळ्यात घ्या. दोन-चार पिल्लं त्यात येतातच, चमच्यानं परत सोडायची. फिल्टर हवा तर फक्त स्पंजचा. मोटरचा फिल्टर पिल्लं गिळतो.

तिसऱ्या आठवड्यापासून आर्टेमिया घालायच्या आधी चिमूटभर बारीक पावडर टाकून बघा. भुकेली असताना चाखतात, पोट भरल्यावर ढुंकून बघत नाहीत. मोइना याच सुमारास सुरू करा. दीड महिन्यात नर एकमेकांना फुलून दाखवायला लागले की त्यांना एकेका बाटलीत वेगळं करायची वेळ आली.

आणि मग दीडशे फायटरचं काय करायचं हा प्रश्न येतो. रंकाळ्यात किंवा कळंब्यात सोडू नका, ते त्यांचं पाणी नाही. ओळखीच्यांना द्या, दुकानदाराला द्या. ज्याला पिल्लं द्याल त्याला चमचाभर मायक्रोवर्मची डबीही द्या. तुमची कधी बसली की बीज आणायला त्याच्याच घरी जाता येतं.